आठशे वर्षांचा गठ्ठा

एखाद्या गोष्टीवर माणूस एकदा चिडला तर त्याचं डोकं दुखतं, आणि सारखाच चिडत राहिला तर त्याचे किस्से होतात. माझं तसंच झालंय. सुट्टीत माहेरी गेले की बहीण पहिल्याच संध्याकाळी विचारते, "काय गं, तुझ्या त्या शेवाळाचं काय झालं?" आणि मग चहा निवेपर्यंत मी सुरू! ती हसते, भाचरं हसतात. मला त्या त्या दिवशी अजिबात हसू आलेलं नसतं.

मी मस्कतच्या पुढे बरकाला एका नर्सरीत हॉर्टिकल्चरिस्ट आहे. राहायला माबेल्याला. नवरा सोहारला इंजिनिअर, गुरुवारी रात्री येतो आणि शनिवारी परत जातो. नर्सरीचा मालक ओमानी, त्याला आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. साठीचा माणूस, निझवाकडच्या खेड्यात वाढलेला, हिंदी वडिलांच्या दुकानात शिकलेला. फोरमन परबकाका कुडाळचे, सव्वीस वर्षं इथेच. आणि सेल्सला पंकज, पुण्याचा. हा मुलगा वाळूसुद्धा विकू शकतो, आणि तीही ओमानमध्ये!

आता भांडण कशावरून ते एकदाच सांगून टाकते. आम्ही रोपांसाठी पीट वापरतो. युरोपच्या उत्तरेला थंड, पाणथळ, दलदलीची मैदानं आहेत. तिथे एक शेवाळ वाढतं, मरतं, पाण्यात बुडतं आणि हवा लागत नाही म्हणून नीट कुजतच नाही. थरावर थर साठतो, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. त्या थरात हवेतला कार्बन हजारो वर्षं गपचूप पडून असतो, पावसाचं पाणी धरलेलं असतं, पक्ष्यांची आणि किड्यांची वस्ती असते. आणि माणूस काय करतो? चर खणून पाणी काढून टाकतो, तो थर खरवडतो, वाळवतो, दाबून प्लॅस्टिकमध्ये भरतो आणि बोटीने आमच्याकडे पाठवतो. कशासाठी, तर हॉटेलच्या दारातली पिटुनिया हिवाळ्यात चार महिने फुलावी म्हणून! उन्हाळा लागला की रोपासकट सगळं कचऱ्यात.

माझं म्हणणं एवढंच होतं की हे निम्मं करूया. बंद नाही हो, निम्मं! या एका वाक्यासाठी माझी तीन वर्षं गेली.

*

पहिल्यांदा मला वाटलं की माणसांना माहितीच नाही, सांगितलं की पटेल. कॉलेजात शिकलेल्या माणसाची ही जुनी खोड. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्या टीमला सावलीत बसवलं, पीटचा एक गठ्ठा मध्ये ठेवला आणि शेवाळापासून सुरुवात केली.

परबकाकांना पीट कधीच आवडलं नव्हतं. "हेका माती कोण म्हणतला? चायचो चोथो दिसता," हे त्यांचं जुनं मत. पण त्या दिवशी ते लक्ष देऊन ऐकत होते. वर्षाला एक मिलिमीटर म्हटल्यावर त्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

"मॅडम, ह्यो गठ्ठो माझ्या कमरेइतको आसा. म्हणजे किती वर्षां?"

मी अंदाजाने सांगितलं, आठशे तरी धरा. दाबून भरलेला आहे, म्हणजे खरं तर जास्तच.

एकाने उठून गठ्ठ्याला हात लावून बघितला. मला इतकं भरून आलं! वाटलं, जमलं. या माणसांच्या मनात शिरलं. घरी जाताना गाडीत मी गाणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. मी ऑफिसात होते. बाहेरून परबकाकांचा खणखणीत आवाज आला, "मॅडम, चोवीसशे वर्षां इली! खंय उतरवू?"

आणि तेव्हापासून आमच्या नर्सरीत पीट वर्षांवरच मोजलं जातं. "आज संध्याकाळपर्यंत सोळाशे संपवूची," "तेच्यात आणखी पन्नास वर्षां घाल रे, कमी पडली," असं चालतं. कोणी गठ्ठा म्हणतच नाही. वापर मात्र चिमूटभरही कमी झाला नाही. मी जनजागृती करायला गेले होते, आणि हातात काय आलं तर एक नवीन माप!

*

नवरात्राचा किस्सा तर मी अजून शांतपणे सांगू शकत नाही.

घटाला माती लागते. इथली माती म्हणजे पिवळट मुरूम आणि दगड. मुंबई-पुण्याची मंडळी दरवर्षी नर्सरीत येऊन मूठभर बरी माती मागतात, आणि आम्ही देतो. त्या वर्षी पंकजच्या डोक्यात आयडिया आली. पीट ओलसर असलं की काळंभोर दिसतं. त्याने त्याच्या छोट्या छोट्या पिशव्या केल्या, वर लाल रिबन बांधली आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, "देशावरच्यासारखी काळीभोर माती, घटासाठी खास!" दोन दिवसांत सगळ्या पिशव्या संपल्या. मी त्या आठवड्यात साइटवर होते. मला कळलं तेव्हा घट बसून झाले होते.

आता हे पीट एकदा वाळलं की पाणी घेतच नाही. वर ओतलं की तसंच घरंगळून जातं. शिवाय नुसतं पीट आंबट असतं आणि त्यात खायला काहीच नसतं. फ्लॅटमधला एसी आणि अखंड दिवा, पीट दुसऱ्याच दिवशी कडकडीत! भक्तिभावाने घातलेलं पाणी, वर गहू तरंगतायत, आणि सगळं टोपलीतून गालिच्यावर.

पाचव्या माळेला वादी कबीर भागात राहणाऱ्या एका काकूंचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलेलं, आणि घट उगवला नाही! त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अगं, एक अंकुर नाही. काय चुकलं आमचं? ह्यांना मी सांगितलंसुद्धा नाहीये."

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून मी त्यांना सगळं नीट समजावलं. काकू, तुमचं काहीच चुकलेलं नाही, ती माती नव्हेच, ते शेवाळ आहे, त्याचा सामू कमी असतो, म्हणजे ते अॅसिडिक असतं, त्यामुळे...

मग काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही लोकांनी देवीला अॅसिड घातलंत?"

पुढचे चार दिवस मी सतरा फोन घेतले. काकूंच्या मुलीचं लग्न व्यवस्थित पार पडलं, जावई चांगला आहे, तरी काकू आजतागायत मला बघितलं की पदर सावरून रस्ता ओलांडतात. पंकजला मी इतकं झापलं, इतकं झापलं की तो पहिल्यांदाच खाली मान घालून उभा होता. "मॅडम, पटलं. चूक झाली. परत नाही होणार."

पुढच्या नवरात्रात ग्रुपवर मेसेज आला, "काळीभोर माती, आता चुना घातलेली. उगवण्याची गॅरंटी!"

*

मंडळाने मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलायला बोलावलं. विषय पर्यावरण, वेळ पंधरा मिनिटं, तिळगूळ आणि वाण यांच्यामध्ये. मी हौसेने स्लाइड्स केल्या. दलदलीवर पसरलेलं धुकं, लाकडी फळ्यांची पायवाट, करकोच्यासारखे उंच पक्षी, लालचुटुक बोरं. बायकांनी "अय्या, काय सुंदर!" केलं. एकीने विचारलं, "इथे पॅकेज टूर जाते का?" मी म्हटलं, जाते की नाही माहीत नाही, पण त्या जागेचे तुकडे आपल्याकडे येतात.

ते वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं. आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. पुढच्या रांगेतून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उठली. इथल्या शाळेत वाढलेली, मराठी जुळवत जुळवत बोलणारी. "आंटी, ते कट केलं तर... ते परत यायला थाउजंड इयर्स लागतात?"

मी म्हटलं, हो बाळा, शाब्बास.

"मग आंटी, तुम्ही ते का सेल करता?"

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. उत्तरं होती, पगार, कंपनी, व्हिसा, सगळं होतं, पण आठ वर्षांच्या मुलीला देण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, "आम्ही प्रयत्न करतोय." ती खाली बसली. तिला ते पटलेलं नव्हतं, आणि मलाही.

अध्यक्षबाईंनी वेळ सावरून घेतली. "स्नेहलताईंनी आपल्या डोळ्यांत अंजन घातलं," वगैरे झालं, आणि माझ्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेली भेट ठेवली. कुंडीतलं झाड! टाळ्या! कुंडीच्या बुडाला आमच्याच नर्सरीचा स्टिकर होता, आणि आत काठोकाठ पीट.

*

मग आगीचा किस्सा. ही आमच्या घरचीच करणी.

गुरुवारी संध्याकाळी नर्सरीत अधूनमधून स्टाफचं बार्बेक्यू असतं. मागच्या कुंपणाशी फुटक्या गठ्ठ्यांचं जुनं, वाळलेलं पीट ढिगाने पडलं होतं. कोणीतरी शेगडीतले निखारे त्यावर रिकामे केले, वर बादलीभर पाणी ओतलं आणि सगळे झोपायला गेले.

शनिवारी सकाळी ढिगातून बारीक धूर. परबकाकांनी पाणी मारलं, धूर थांबला. दुपारी तीन हात पलीकडून धूर! तिथे पाणी मारलं, तर संध्याकाळी पहिल्या जागी. वाळलेलं पीट पाणी घेत नाही आणि आतल्या आत धुमसत राहतं, हे मी सांगत होते, पण ऐकतंय कोण? चौथ्या दिवशी परबकाका माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, माका ह्या काय बरा दिसना नाय. एक नारळ देव या?"

शेवटी जेसीबी मागवला, ढीग पसरला, टँकर ओतला. तेव्हाच अर्बाब आला. पायघोळ दिशदाशा सावरत त्या काळ्या चिखलाच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "यह मिट्टी है कि कोयला?"

मी सांगितलं, दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. काही देशांत हे वाळवून चुलीतच घालतात. आणि त्या मैदानांचं पाणी काढलं की तिथेही अशीच आग लागते, जमिनीखालून महिनोन्‌महिने जळत राहते, आणि हजारो वर्षं साठलेलं सगळं धूर होऊन जातं.

तो हिशोब लावल्यासारखा एकेक बोट धरत म्हणाला, "हम लोग ज़मीन के नीचे का जलने वाला चीज़ निकाल के बाहर भेजता है. ठीक? और तुम लोग बाहर का ज़मीन के नीचे का जलने वाला चीज़ जहाज़ में भर के इधर लाता है?"

मी म्हटलं, हो अर्बाब.

"फूल के वास्ते?"

हो अर्बाब.

"मजनून!" म्हणजे वेडे. एवढं बोलून तो गाडीत बसला. तीन वर्षांत माझी बाजू इतक्या थोडक्यात कोणी मांडली नव्हती. मी नाही, मंडळाने नाही. आणि तरी पुढच्या आठवड्यात नवी ऑर्डर गेलीच, कारण ऑर्डर पंकज काढतो.

*

ज्या कंपनीकडून पीट येतं, तिची प्रतिनिधी एकदा भेटीला आली. बाल्टिककडची, इंगा नावाची, चाळिशीची शांत बाई. पंकज तिच्याशी भावात घासाघीस करायला सज्ज होता. मी वेगळीच तयारी केली होती. मनात म्हटलं, आज हिला सोडायची नाही.

पण भांडायला ती हाती लागेना! मी जे म्हणेन त्याला ती "हो" म्हणे. पाणी काढलं की मैदान मरतं? हो. खरवडून झाल्यावर आता ते चर बुजवतात, पाणी पुन्हा चढवतात, शेवाळ लावतात, पण पूर्वीसारखं व्हायला कोणाचंच आयुष्य पुरणार नाही? हो, हेही खरं. लहानपणी ती आजीबरोबर तिथे बोरं वेचायला जायची. पाय ठेवला की जमीन गादीसारखी हलायची, म्हणाली. ते सांगताना तिने हातसुद्धा हलवून दाखवला.

मग मी विचारलं, "तुमच्या घरी कुंड्यांत काय घालता?"

"वडील टोमॅटो लावतात. शेणखतात," ती म्हणाली.

"पीट नाही?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "पीट? आमच्या गावात कोणी नाही घालत. ते एक्स्पोर्टसाठी असतं."

मी पंकजकडे बघितलं. तो डायरीत लिहीत होता. नंतर बघितलं तर त्याने लिहिलं होतं, "एक्स्पोर्ट क्वालिटी. ब्रोशरमध्ये टाकणे."

*

नुसतं नको नको म्हणून भागत नाही, दुसरं काहीतरी द्यावं लागतं. म्हणून मी मिश्रण करायला घेतलं. इथे खजुराच्या वाळक्या झावळ्यांना तोटा नाही. त्या बारीक करायच्या, बकऱ्यांच्या लेंड्यांबरोबर कुजवायच्या, आणि त्यात केरळहून येणारा नारळाचा भुसा घालायचा.

भुशाच्या विटा आल्या तेव्हा परबकाका त्यांच्याकडे बघतच राहिले. "ह्या आमच्या सोडणांचा मां? मॅडम, माझ्या गावाक सोडणांका कोण इचारीत नाय! डास घालवूक जाळतत!" दोन दिवस त्यांना बोलवत नव्हतं. आपण सव्वीस वर्षं परदेशात राबलो आणि घरामागच्या नारळाच्या सालांचा कचरा आपल्याआधी बोटीने परदेशी पोचला, हे दुःख मोठं होतं.

पहिलं मिश्रण फसलं. खरं सांगायला मला लाज नाही. भुशात मीठ, लेंड्यांत मीठ, इथल्या पाण्यात मीठ! रोपांच्या कडा चहात बुडवल्यासारख्या करपल्या. पंकज येऊन रोज एक फोटो काढून जायचा. मी रात्री सोहारला फोन करून नवऱ्याशी भांडायचे, त्याचा काही संबंध नसताना. दुसऱ्या वेळी परबकाकांनी सगळा भुसा गोड्या पाण्यात तीनदा धुतला. हात सोलवटले त्यांचे. ते मिश्रण बरं निघालं. तिसरं चांगलं निघालं.

मी थेट अर्बाबकडे गेले. त्याने चिमटीत घेतलं, वास घेतला, नाक मुरडलं.

"एक सीझन," तो म्हणाला. "हॉटेल का पिटुनिया. आधा पीट में, आधा तुम्हारे में. हॉटेलवाला देखेगा, मैं देखेगा. तुम्हारा अच्छा तो पीट आधा. नहीं तो खलास. फिर यह बात मेरे सामने नहीं."

मी हो म्हटलं. आणि घरी जाताना मनाशी ठरवलं, हरले तर राजीनामा द्यायचा आणि सोहारला जाऊन राहायचं. पीट विकायचं आणि हळदीकुंकवात त्यावर भाषणं द्यायची, हे मला आता गिळवत नव्हतं.

*

ऑक्टोबरात दोन लांब वाफ्यांवर कुंड्या भरायच्या होत्या, आणि नेमकं त्याच वेळी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मला पंधरा दिवस पुण्याला जावं लागलं. जाण्याआधी मी परबकाकांना सगळं दोनदा समजावलं, वर कागदावर लिहून दिलं. ट्रायलसाठी पीटचे गठ्ठे बाजूला काढून ठेवले. पीटच्या वाफ्यावर लाल झेंडा, माझ्या मिश्रणाच्या वाफ्यावर पांढरा. आणि दोन्हीकडे कुंडीत वरून धुतलेल्या वाळूचा थर घालायचा, म्हणजे नुसता काळा रंग बघून कोणी निकाल देणार नाही. काळ्या रंगाने माणसांचं काय होतं ते मी नवरात्रात बघितलं होतं. या वाळूच्या कल्पनेवर तर मी बेहद्द खूश होते.

परत आले तेव्हा सगळं चोख होतं. झेंडे जागेवर, वाळू जागेवर, रोपं तरारलेली. मी रोज सकाळी दोन्ही वाफ्यांवरून फिरायचे, वहीत टिपायचे. आणि हळूहळू लाल बाजू जरा उजवी वाटायला लागली. फार नाही, पण जरा. पान जरा गडद, फूल जरा मोठं. मी पट्टी लावून मोजलं, तर कधी हे जास्त, कधी ते. तरी वहीत लिहिलं, "लाल किंचित सरस." खोटं लिहिणं माझ्याच्याने झालं नाही.

डिसेंबरात निकालाचा दिवस आला. अर्बाब आला, पंकज आला, आणि हॉटेलचे परचेस मॅनेजर आले, दिल्लीकडचे गृहस्थ, गॉगल लावलेले. परबकाका पाइप गुंडाळत मागे उभे होते.

पंकज लाल झेंड्यापाशी थांबला आणि त्याचा चेहरा उजळला. "सर, देखिए! पत्ते पे ग्लेज़ देखिए! पीट आखिर पीट है." परचेसवाल्यांनी गॉगल वर केला. "हां भई, फर्क तो है. इसमें जान है. वो वाला थोड़ा... डल है." अर्बाब वाकला, इकडचं पान चोळलं, तिकडचं पान चोळलं. मग सरळ होऊन माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत रागबिग नव्हता, उलट वाईटच वाटत होतं त्याला, आणि ते मला जास्त लागलं.

"मॅडम?" त्याने विचारलं.

मी वही उघडली. म्हटलं, "हो अर्बाब. लाल बाजू थोडी सरस आहे. मीही तेच लिहिलंय." तीन वर्षं, धुतलेला भुसा, काकांचे हात, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी खाली वाळूकडे बघत राहिले.

"खलास," अर्बाब हळूच म्हणाला.

मागून परबकाकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "अर्बाब, एक बात बोलेगा? पीट किधर है?"

"क्या किधर है? यह क्या है, लाल झंडा?"

"झंडा तो मॅडम लिख के गया था, वो मैंने लगाया. लेकिन पीट का गठ्ठा तो पंकजसाब उठा के ले गया ना, किसके वास्ते रखा है पूछा भी नहीं, उसका विला का गार्डन अर्जंट था. इधर कुछ बचा ही नहीं था. वाफा खाली कैसे रखेगा? दोनों बाजू मॅडम का ही माल भरेला है."

पंकजचा पानाला लावलेला हात तसाच राहिला होता. मी काकांकडे बघितलं. अहो, दोन महिने! दोन महिने मी रोज सकाळी पट्टी घेऊन फिरत होते, आणि हा माणूस रोज मला गुड मॉर्निंग म्हणत होता!

"काका, मला सांगितलं का नाहीत?" मी किंचाळलेच.

"मॅडम, माका कोणी इचारल्यानीच नाय," काका म्हणाले. "आणि तुमका लाल बाजू आवडली, तेवा म्हटलंय, आवडांदेत."

अर्बाबने आधी लाल झेंडा उपटला. मग चार पावलं चालत जाऊन पांढरा उपटला. दोन्ही परबकाकांच्या हातात दिले आणि पंकजला म्हणाला, "अगला ऑर्डर आधा. यल्ला, गाड़ी भरो."

पोरं लगेच दोन्ही वाफ्यांवरून ट्रे उचलायला लागली. तेवढ्यात परचेसवाले घाईघाईने पुढे झाले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, एक मिनट. वो लाल झंडा कौन सी साइड पे था? हमें तो वही वाला दिलवा दीजिए."